बाळाचा ताप, रात्रीची वेळ आणि कपाटातल्या दोन बाटल्या

मुग्धा_के
परवापासून लिहायचं मनात आहे, आत्ता बाळ झोपलंय म्हणून बसले. मुलगा सात महिन्यांचा, वजन ८ किलो. परवा संध्याकाळी किरकिर करत होता, मला वाटलं दात येत असतील. रात्री अकराला प्यायला घेतलं तर तोंड इतकं गरम की मीच दचकले. काखेत थर्मामीटर लावला, १०२.२. हातपाय मात्र गार. त्या गार पायांनी मी जास्त घाबरले. सासूबाईंनी लगेच पायमोजे, टोपी आणि वर दोन दुपटी घातली. अर्ध्या तासाने बघितलं तर १०३.१.

यानंतर जे झालं त्यासाठी खरं तर हा धागा काढतेय. डॉक्टरांनी मागच्या महिन्यात लसीच्या वेळी पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स लिहून दिले होते, एका वेळी १ मिली. कपाटात त्याच्या शेजारी मोठ्या मुलीचं सिरप. दोन्ही बाटल्यांवर नाव एकच, रंगही तोच. मुलगी पाच वर्षांची, तिला आम्ही ताप आला की ५ मिली देतो. नवरा गाढ झोपेतून उठलेला, 'तापाचं औषध, पाच मिली' एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं. त्याने ड्रॉप्सची बाटली उघडली आणि सिरपच्या झाकणात ५ मिली ओतलं. मी बाळाला मांडीवर धरून तोंड उघडत होते. बाटली छोटीशी, १५ मिलीची. ती एकदम तिसरा हिस्सा रिकामी झालेली दिसली म्हणून मी म्हटलं, थांब, दिवा लाव. दिवा लावल्यावर दोघांनी लेबल वाचलं. तो खाली बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

औषध गेलं नाही. नंतर १ मिली मोजून दिलं, तासाभरात १०१ वर आला. काल सकाळी दवाखान्यात जाऊन आलो. घसा, कान, छाती ठीक आहे, बहुधा व्हायरल असेल, पण लघवी तपासायला द्या म्हणाले. रिपोर्ट उद्या.

तुम्ही रात्री घरी काय काय करता ते सविस्तर लिहाल का? पट्ट्या ठेवायच्या की नाही, झोपलेल्या बाळाला औषधासाठी उठवायचं का, आणि 'आता घरी थांबायचं नाही' हे कशावरून ओळखायचं?

रानजाई
मुग्धा, वाचताना पोटात गोळा आला. नवऱ्याला बोल लावू नकोस. आमच्याकडेही दोन्ही बाटल्या एकाच खणात आहेत, हे वाचून उठले आणि वेगळ्या केल्या.

सिस्टर_वसुधा
मी बालविभागात नर्स आहे, २२ वर्षं झाली. ही चूक आम्ही वारंवार बघतो आणि ती निष्काळजी घरांतच होते असं मुळीच नाही. बहुतेकांना असं वाटतं की ड्रॉप्स लहान बाळाचे म्हणजे सौम्य असणार. प्रत्यक्षात उलट असतं. लहान बाळाला थोड्या थेंबांत पुरेसं औषध जावं म्हणून ड्रॉप्स जास्त तीव्र बनवतात.

हिशोब असा. पॅरासिटामॉलचा एक डोस वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. ८ किलोच्या बाळाला ८० ते १२० मिलिग्रॅम. आता बाटली बघा. ड्रॉप्सवर '१ मिलीत १०० मिलिग्रॅम' असेल तर १ मिली म्हणजे १०० मिलिग्रॅम, बरोबर. सिरपवर '५ मिलीत १२० मिलिग्रॅम' असेल तर तेवढ्यासाठी साधारण ४ मिली लागेल. आणि '५ मिलीत २५० मिलिग्रॅम' असेल तर फक्त २ मिली. औषध एकच, बाळ एकच, आणि मापं १, ४ आणि २. म्हणून 'किती मिली देता' हा प्रश्न बाटलीवरची ताकद वाचल्याशिवाय कुणी कुणाला विचारू नये, या धाग्यावरसुद्धा नाही.

तुमच्या झाकणात ५०० मिलिग्रॅम होतं, म्हणजे पाचपट. एवढं एकदाच गेलं असतं तर लगेच यकृत बिघडलंच असतं असं नाही. पण तेच माप दिवसभर चाललं असतं तर नक्की धोका होता. कधी चुकून जास्त गेलंच तर बाळ हसतंखेळतं दिसलं तरी त्याच वेळी डॉक्टरांना कळवा, बाटली सोबत न्या. यकृताचा त्रास पहिल्या दिवशी वरून दिसत नाही.

दोन डोसांत किमान चार ते सहा तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. सर्दीच्या मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असतं, ते वरून दिलं तर नकळत दुप्पट होतं. आणि मापायला स्वयंपाकघरातला चमचा नको, सुई नसलेली सिरिंज घ्या. गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडलं की बाळ ठसकत नाही.

माईआजी
मुग्धा बाळा, मी जुन्या पिढीतली. चार मुलं आणि तीन नातवंडं वाढवली. आमच्या वेळी ताप आला की गार पाण्याच्या पट्ट्या कपाळावर, पोटावर, कधी कधी सगळं अंग पुसून काढायचं. 'ताप डोक्यात जाईल' ही भीती असायची. पायमोजेही आम्ही घालत असू, तुझ्या सासूबाईंचं काही चुकलं असं मला वाटत नाही. हल्ली पट्ट्या नकोत म्हणतात ते का, हे कुणीतरी मला नीट समजावून सांगा. नुसतं 'जुनं ते चूक' म्हणू नका.

डॉ_आभाळ
माईआजी, अगदी रास्त प्रश्न आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे, जरा सविस्तर लिहितो.

आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग शरीराचं तापमान ठरवतो. जंतुसंसर्ग झाला की प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यामुळे तो आपलं लक्ष्य वर नेतो. समजा ९८.५ वरून १०३ वर नेलं. आता शरीराच्या हिशोबाने ते 'थंड' आहे. मग ते उष्णता साठवायला लागतं: हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, अंग कापतं, हुडहुडी भरते. म्हणून मुग्धाताईंच्या बाळाचे पाय गार होते. ताप चढत असल्याची ती खूण.

अशा वेळी गार पाण्याने पुसलं तर वरून कातडी थंड होते, पण मेंदूचं लक्ष्य १०३ वरच आहे. शरीर आणखी जोरात कापून उष्णता तयार करतं. बाळाला त्रास होतो, रडतं, आणि पुसणं थांबवलं की आकडा परत तिथेच. पॅरासिटामॉल ते लक्ष्यच खाली आणतं, म्हणून ते उपयोगी. बर्फ तर नकोच, आणि स्पिरिट किंवा अल्कोहोलने पुसणं घातक आहे, ते बाळाच्या कातडीतून आणि श्वासातून आत जातं. बाळाला आवडत असेल तर कपाळावर साध्या पाण्याचा ओला हात फिरवा, कापायला लागलं की थांबवा. दुपट्यांचंही तसंच. हुडहुडी भरली तेवढा वेळ एक पातळ पांघरूण ठीक, ती थांबली की काढा. टोपी नको. लहान बाळाची बरीच उष्णता डोक्यातून बाहेर पडते.

'ताप डोक्यात जातो' ही भीती मला रोज ऐकू येते. संसर्गाचा ताप मेंदू स्वतःच आवरतो, तो सहसा १०६ च्या पुढे जात नाही. त्या तापाने मेंदूला इजा होत नाही. मेंदूज्वरात इजा होते ती त्या आजाराने. बंद गाडीत राहिलेलं बाळ किंवा उष्माघात ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मेंदूचा ताबा सुटलेला असतो आणि तिथे मात्र गार करणं हाच उपचार.

औषध देऊन ताप पूर्ण उतरलाच पाहिजे असंही नाही. तासाभरात अंश-दीड अंश उतरला आणि बाळ प्यायला लागलं, नजर फिरवायला लागलं, की औषधाने काम केलं. शांत झोपलेल्या बाळाला औषधासाठी उठवू नका.

माईआजी
समजलं. आता पटलं. पाय गार असतात ते शरीर मुद्दाम करतं हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

किशोरदा
थर्मामीटरबद्दल एक. पाऱ्याचा असेल तर कृपया टाकून द्या, पण कचऱ्यात नाही. पाऱ्याच्या वापरावरचा मिनामाता करार २०१३ चा, त्यात हे थर्मामीटर बंद करायचंही ठरलं आहे. डिजिटल घ्या, काखेत मध्यभागी टोक, हात अंगाला चिकटवून धरा, आवाज येईपर्यंत हलवू नका. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा अर्धा ते एक अंशाने कमी येतो. कपाळाला हात लावून ताप आहे की नाही एवढं कळेल, किती आहे ते कळणार नाही.

थर्मामीटर रुग्णाच्या उशाशी आणला तो जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांनी. १८६८ साली त्यांचा ग्रंथ आला, हजारो रुग्णांच्या नोंदी त्यात आहेत. तेव्हाचा थर्मामीटर फूटभर लांब, वीसेक मिनिटं काखेत धरावा लागे. आपल्याला अर्ध्या मिनिटात आकडा मिळतो, तो वहीत लिहायला आळस करू नये.

नवीआई_२
मध्येच विचारते, माफ करा. माझी मुलगी ५ आठवड्यांची आहे. आज दुपारपासून अंग कोमट लागतंय. काखेत १००.६. पीत आहे पण नेहमीपेक्षा कमी, मध्येच झोपी जाते. घरातले म्हणताहेत एक डोस ड्रॉप्स देऊन सकाळपर्यंत बघू. वजन ४ किलो, तर किती मिली?

डॉ_आभाळ
ताई, काहीही देऊ नका आणि सकाळची वाट बघू नका. आत्ता लगेच बाळांच्या हॉस्पिटलात जा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्यावर ताप म्हणजे तातडीची बाब, बाळ वरून कितीही ठीक दिसलं तरी. एवढ्या लहान बाळात रक्तातला, लघवीतला किंवा मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग फक्त तापानेच दिसतो, कधी कधी ताप न येता अंग उलट गार पडतं. औषध देऊन ताप उतरवला तर डॉक्टरांना चित्र कळत नाही. दूध पाजत पाजत जा, अंगाशी घेऊन.

सिस्टर_वसुधा
निघालात का? फाइल, लसीचं कार्ड, दोन दुपटी, एवढंच घ्या. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: 'पाच आठवड्यांचं बाळ, ताप १००.६, दूध कमी पितंय.' रांगेत थांबवणार नाहीत. थांबवलं तर परत सांगा.

रानजाई
पोचलीस की एक शब्द टाक इथे.

ओवीची_आई
त्या बाळाची वाट बघतेच आहे. तोवर माझा अनुभव लिहिते, कारण मुग्धाच्या बाळाच्या वयात तो कुणालाही येऊ शकतो.

ओवी १४ महिन्यांची असताना तापात तिला फिट आली. ताप आहे हे आम्हाला माहीतही नव्हतं. मी तिचा झबला बदलत होते, एकदम नजर एका बाजूला वर गेली, हातपाय ताठ, मग तालात झटके. ओठ निळसर. मी तिला उभं धरून हलवत होते, नाव घेऊन ओरडत होते. आत्याबाई चमचा घेऊन धावत आल्या दातांत घालायला. नशीब, शेजारच्या काकांनी त्यांना अडवलं. त्यांनी ओवीला माझ्याकडून घेतलं, जमिनीवर सतरंजीवर एका कुशीवर निजवलं, तोंडातली लाळ बाहेर ओघळू दिली आणि घड्याळ बघितलं. 'बघत राहा, धरू नका' म्हणाले. दीड मिनिट. मला विचाराल तर तासभर.

नंतर डॉक्टरांनी समजावलं की सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना असं होतं. साध्या, थोडक्यात थांबलेल्या फिटने बुद्धीवर परिणाम होत नाही. तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. पाच मिनिटांच्या पुढे गेली, परत आली किंवा नंतर मूल शुद्धीवर येत नसेल तर ॲम्ब्युलन्स. पहिली फिट असेल तर थांबली तरी त्याच दिवशी दाखवायचंच. मला सगळ्यात जास्त खात होतं ते वेगळंच: मी वेळेवर औषध दिलं असतं तर टळलं असतं का? डॉक्टर म्हणाले, नाही. तापाच्या औषधाने या फिट टळत नाहीत. ते वाक्य ऐकल्यावर मी दवाखान्यातच रडले.

पिंपळपान
मुग्धाताई, 'घरी कधी थांबायचं नाही' यावर माझं उत्तर: आकडा सोडा, श्वास आणि लघवी बघा. माझ्या मुलाला न्यूमोनिया झाला तेव्हा ताप फक्त १०१ होता. मी आकड्यावर निश्चिंत होते. तो झोपलेला असताना झबलं वर केलं तर बरगड्यांच्या खाली पोट आणि छातीमध्ये दर श्वासाला खड्डा पडत होता. मग डॉक्टरांनी मोजायला शिकवलं. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, वर्षानंतर पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर दाखवायचं. छातीत खड्डा पडत असेल तर मोजत बसायचंच नाही, निघायचं.

लघवीचं म्हणाल तर सहा-आठ तास डायपर कोरडं, रडताना अश्रू नाहीत, टाळू खोल गेलेली, तोंड कोरडं, यातलं काही दिसलं की पाणी कमी पडतंय. अंगावर पिणाऱ्या बाळाला दर थोड्या वेळाने पाजत राहा. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी नको, दुधातूनच मिळतं.

डॉ_आभाळ
पिंपळपान यांनी फार मोलाचं लिहिलं आहे. त्यात थोडी भर. टाळू फुगलेली, बाळ हाक मारल्यावर डोळे नीट उघडत नाही, रडणं चिरकं किंवा कण्हल्यासारखं, कातडी राखट, किंवा अंगावर असे लाल-जांभळे डाग जे काचेचा पेला दाबून पाहिला तरी फिके होत नाहीत: यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की पहाट, निघा. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०२.२ च्या वर गेला तर त्याच दिवशी दाखवा. आणि कोणत्याही बाळाचा ताप पाच दिवस टिकला तर 'व्हायरल आहे' म्हणून घरी बसू नका, परत जा.

आयबुप्रोफेन सहा महिन्यांखाली सांगितल्याशिवाय नको, उलट्या-जुलाबाने बाळ सुकलेलं असेल किंवा डेंग्यूची शंका असेल तर अजिबात नको. ॲस्पिरिन तर मुलांना तापात देऊच नका. रे सिंड्रोम नावाचा मेंदू आणि यकृताचा दुर्मीळ पण भयंकर आजार त्याच्याशी जोडलेला आहे. मागच्या आजारातलं उरलेलं अँटिबायोटिकही नको.

दातांबद्दल: दात येताना अंग किंचित कोमट लागू शकतं, १०२ ताप दातांचा नसतो. तुम्हाला लघवी तपासायला सांगितली ते अगदी योग्य झालं. या वयात खोकला नाही, सर्दी नाही, नुसताच ताप असेल तर लघवीचा संसर्ग शोधावाच लागतो.

अनघा०७
औषध दिल्यावर बाळाने ओकून टाकलं तर? आमच्याकडे दर वेळी हेच होतं.

सिस्टर_वसुधा
दिल्या दिल्या, पंधरा मिनिटांच्या आत सगळं बाहेर आलं तर तेवढंच परत एकदा देता येतं. त्यानंतर ओकलं तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा, बरंचसं आत गेलेलं असतं. दुसऱ्यांदाही ओकलं तर डॉक्टरांना फोन करा.

नवीआई_२
काल रात्री पोचलो होतो, लिहायला जमलं नाही. तिला भरती केलंय. रक्त, लघवी आणि पाठीतलं पाणी तपासलं. पाठीत सुई घालताना मला बाहेर थांबवलं होतं. लघवीत संसर्ग निघाला, पाठीतलं पाणी स्वच्छ आहे. शिरेतून अँटिबायोटिक सुरू आहे. आज सकाळी पहिल्यांदा भुकेने रडली आणि पूर्ण प्यायली. डॉक्टर म्हणाले औषध देऊन थांबला नाहीत ते बरं केलंत. मी त्यांना या धाग्याबद्दल सांगितलं. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

माईआजी
जीव भांड्यात पडला. तूही काही तरी खाऊन घे आणि जमेल तेव्हा डोळा लाव.

मुग्धा_के
नवीआई, तुझं वाचून डोळे भरून आले. लेकीला लवकर घरी आण.

आमचं सांगते. लघवीचा रिपोर्ट स्वच्छ आला. ताप तीन दिवस १०२-१०३ च्या आसपास चढत उतरत राहिला, मधल्या वेळात मात्र तो खेळत होता, ताईच्या वेण्या ओढत होता. आज चौथ्या दिवशी पहाटे घाम फुटला, ९८.४. आणि दुपारी आंघोळीला कपडे काढले तर पोटावर, पाठीवर बारीक गुलाबी पुरळ. पेला दाबला, फिकं झालं. तरी फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. रोझिओला म्हणाले. तीन-चार दिवस जोरात ताप आणि तो उतरताना पुरळ, याला औषध लागत नाही, दोन दिवसांत पुरळ आपोआप जाईल. बाळाला तर त्याचा पत्ताही नाही.

घरात बदल केले ते सांगते. मुलीचं सिरप तिच्या खोलीतल्या वरच्या फळीवर गेलं. ड्रॉप्सच्या बाटलीला सिरिंज रबर लावून बांधली, सिरपचं झाकण आता तिच्या जवळपासही येत नाही. कपाटाच्या दाराच्या आत एक कागद चिकटवलाय. वर बाळाचं वजन, तारीख, औषधाची ताकद आणि 'एका वेळी १ मिली', डॉक्टरांकडून तपासून घेतलेलं. खाली तीन रकाने: वेळ, ताप, कुणी दिलं. ते रकाने नवऱ्याने पट्टीने आखले, आणि रात्री औषध द्यायचं झालं तर एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने दिव्याखाली लेबल मोठ्याने वाचायचं असं त्यानेच ठरवलंय. काल रात्री दीड वाजता त्याने वाचलं, मी मोजलं.

सासूबाईंना डॉ. आभाळ यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, माईआजींचा प्रश्नही. त्यांनी टोपी स्वतः काढून खणात ठेवली.

आज वजन केलं, तापात थोडं उतरलंय, ७.८. कागदावरचा ८ खोडून नवा आकडा लिहिलाय. डोस बदलायचा का ते विचारलं, १ मिलीच ठेवा म्हणाले.